कार्स ३: मॅक्वीनने शर्यत अर्ध्यात सोडली, ते पटलं का? (शेवट फोडलेला आहे)

जुनी_लुना | शनिवार, रात्री ११:२०

सिनेमा २०१७चा आहे, त्यामुळे शेवट फोडल्याबद्दल कोणी शिव्या घालू नयेत.

दोन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि घरात साडेसहा वर्षांचं पोरगं. त्याच्याकडे ९५ नंबरची लाल गाडी आहे. मागचं एक चाक कधीच गेलंय, त्या जागी मी खोडरबर गोल कापून टाचणीने बसवलाय. गाडी थोडी लंगडते पण पळते. तर त्या गाडीला मांडीवर घेऊन आज 'कार्स ३' बघणं झालं. मी शेजारी बसून चालू सिनेमात मराठी करून सांगत होतो. पिट स्टॉपला 'पंक्चरवाल्याचं दुकान' म्हटलं, ते त्याला फार आवडलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात सगळी पात्रं बोलणाऱ्या गाड्याच. ९५ नंबरची शर्यतीची लाल गाडी, लायटनिंग मॅक्वीन, आता जुना झालाय. जॅक्सन स्टॉर्म नावाचा नवा गडी आलाय, सिम्युलेटरवर घडलेला, सगळं मोजूनमापून करणारा. मॅक्वीनच्या बरोबरीचे एकेक करून निवृत्त होतात किंवा घरी पाठवले जातात. हा जिद्दीने पळायला जातो, टायर फुटतो आणि जबरी अपघात होतो. नवा मालक स्टर्लिंग त्याला तयारीसाठी क्रूझ रामिरेझ नावाची ट्रेनर देतो. पिवळी, उत्साही, बडबडी. ती याला ज्येष्ठ नागरिकासारखी वागवते, जरा पडा म्हणते. मालकाशी पैज अशी की फ्लोरिडाची शर्यत जिंकलास तर कधी थांबायचं ते तू ठरव, हरलास तर निवृत्त हो आणि तुझ्या नावाचे मडगार्ड विकायला मी मोकळा.

आणि त्या शर्यतीत हा पठ्ठ्या मध्येच पिटमध्ये येतो, क्रूझवर ९५ नंबर रंगवायला लावतो आणि उरलेली शर्यत तिला पळायला सांगतो. नियमात काय, नंबर मैदानात असला म्हणजे झालं. ती जिंकते.

सिनेमा संपला. चिरंजीव गप्प. मग, "बाबा, तो हरला का जिंकला?"

मी म्हटलं, जिंकला.

"पण शेवटी तो पळालाच नाही ना."

दात घासताना तोच विषय, अंथरुणात तोच. मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. तुम्हाला तो शेवट पटला का?

---

पावटा | शनिवार, रात्री ११:३१

मडगार्ड विकणं हेही सन्मानाचं काम आहे. आमच्या तीन पिढ्या त्यावर जगल्या. (दिवे घ्या.)

---

खडूस_काकू | शनिवार, रात्री ११:५८

नाही पटला. आणि माझं कारण तुमच्या लेकापेक्षा वेगळं आहे.

नातीबरोबर पाहिलाय मी. त्यात एक प्रसंग आहे, दोघांचं भांडण झाल्यावरचा. क्रूझ सांगते की तिला स्वतःलाच रेसर व्हायचं होतं. पहिल्या शर्यतीला गेली, आजूबाजूच्या गाड्या बघितल्या, मोठ्या, दणकट, आपल्याहून वेगळ्या, आणि तशीच परत फिरली. मग त्याला विचारते, तुला कसं कळलं होतं की तुला जमेल? तो म्हणतो, जमणार नाही असं कधी मनातच आलं नाही. यावर ती म्हणते, तसं वाटणं म्हणजे काय ते मला कळलं असतं तर बरं झालं असतं.

लहान मुलांच्या सिनेमात इतकं खरं वाक्य मी फार कमी वेळा ऐकलंय. मी ऑफिसात छत्तीस वर्षं काढली, मला ते कुठे लागलं ते मला माहीत.

आणि एवढं केल्यावर तिला पळायला कधी मिळतं? तर याने दिलं तेव्हा. कोणत्या नंबरावर? याच्या. आणि जिंकल्यावर विजय कोणाच्या खात्यात? दोघांच्या! कारण शर्यत सुरू त्याने केली होती. म्हणजे स्वयंपाक सूनबाईंचा आणि हळदीकुंकवाला कौतुक सासूबाईंचं. तिला स्वतःच्या नावावर सुरुवातीपासून पळवायला काय झालं होतं?

---

चिंगीची_आई | रविवार, सकाळी ८:१२

काकूंच्या सासूबाईंना +१.

मला शेवटाचं काही नाही, अपघाताचं आहे. प्रदर्शनाआधीच्या पहिल्या झलकेत फक्त तेवढाच अपघात दाखवला होता, संथ गतीने, पत्रे उडताहेत, संगीत नाही. आमची चिंगी तेव्हा चार वर्षांची. 'मॅक्वीन मेला' म्हणून दोन दिवस रडत होती. सिनेमात त्यानंतर तो लगेच बरा झालेला दिसतो हे तिला पटवायला थिएटरात न्यावं लागलं. धंद्याची युक्ती असेल तर चांगली लागू पडली म्हणायची.

---

डेट्रॉइटी_धोंडू | रविवार, सकाळी ९:०५ (इथे शनिवार रात्र)

हा धागा माझ्यासाठीच निघालाय. मी पोटासाठी गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करतो, त्यामुळे लांब लिहीन. कंटाळा आला तर खाली सरका.

कार्स ३ समजायला डॉक हडसन समजायला हवा. पहिल्या भागातला (२००६) तो निळा म्हातारा डॉक्टर, मॅक्वीनचा गुरू. तो १९५१चा हडसन हॉर्नेट आहे, आणि हे मॉडेल कल्पनेतलं नाही. हडसन ही डेट्रॉइटची कंपनी, १९०९ची. हॉर्नेटची गंमत तिच्या तळात होती. त्या काळी गाडीचा तळ चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, वर बसवायचे, त्यामुळे गाडीत चढावं लागे. हडसनवाल्यांनी तळ चासीच्या दांड्यांमध्ये खाली सोडला. गाडीत चढायचं नाही, उतरायचं. साहजिकच वजन जमिनीलगत आलं आणि वळणावर बाकीच्या गाड्या कलंडायच्या बेतात असताना ही चिकटून जायची. इंजिन सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं, पाच लिटरचं. १९५२ साली नॅसकारच्या (अमेरिकेत मोटारींच्या शर्यती भरवणारी संस्था) मुख्य मालिकेत ३४ शर्यती झाल्या, त्यातल्या २७ हडसनने मारल्या. घरापुढे उभी करायची साधी गाडी होती ही!

माझ्या घरापासून थोड्या अंतरावर इप्सिलांटी नावाचं गाव आहे. तिथे हडसनची शेवटची डीलरशिप होती, तिचंच आता संग्रहालय झालंय. त्यात हर्ब थॉमसची खरी 'फॅब्युलस हडसन हॉर्नेट' उभी आहे, दारावर ९२ आकडा. हा थॉमस १९५१ आणि १९५३चा विजेता, आणि त्याच्या गाड्या तयार करणारा मिस्त्री स्मोकी युनिक. कार्स ३मध्ये डॉकचा जुना उस्ताद म्हणून जो गंजका ट्रक भेटतो तो स्मोकी, तो याच्यावर बेतलाय. मी त्या गाडीच्या खिडकीत डोकं घालून पाहिलं. खरंच, उंबरठा वर आणि पाय ठेवायची जागा खाली. आजोळच्या माजघरासारखं.

आता मुद्द्यावर. पहिल्या सिनेमात डॉकचा अपघात १९५४ सालचा दाखवलाय. बरा होऊन तो परत येतो, तर याला सांगतात तुझे दिवस संपले, पुढचा पोरगा घेतलाय आम्ही. आणि प्रत्यक्षात हडसन कंपनीचं काय झालं? १९५४ सालीच ती नॅश कंपनीत विलीन झाली, दोघींची मिळून अमेरिकन मोटर्स झाली, डेट्रॉइटचा कारखाना बंद झाला आणि १९५७नंतर हडसन हे नावसुद्धा उरलं नाही. गाडीची कथा आणि कंपनीची कथा एकाच वर्षात मोडते. ज्याने कोणी ते वर्ष निवडलं त्याने अभ्यास करून निवडलंय असं माझं मत.

तिसऱ्या भागात स्मोकीच्या गावात, थॉमसव्हिलमध्ये, ज्या जुन्या शर्यतबाज बाई भेटतात त्यांचं नाव लुईस नॅश. हडसन आणि नॅश. योगायोग मानायला मी तयार नाही.

---

मेटरभक्त | रविवार, सकाळी १०:२०

सगळे तिसऱ्यावरच बोलताय. दुसऱ्या भागाला (२०११) कोणी वाली आहे की नाही? टोकियो, इटली, लंडन, हेर, रॉकेट, आणि मॅक्वीनचा दोस्त, आपला गंजका टो-ट्रक मेटर चुकून गुप्तहेर! मुलांना तोच आवडतो. जगभर ५६ कोटी डॉलर कमावले त्याने. तुमच्या भावुक तिसऱ्याने ३८.

---

जुनी_लुना | रविवार, सकाळी १०:४१

मेटरभक्त, आमच्याकडेही दुसराच जास्त वेळा लागतो, खोटं कशाला बोलू. पण हे सिनेमे काढणाऱ्या पिक्सार कंपनीचा तो बारावा सिनेमा आणि समीक्षकांनी झोडपलेला पहिला. ॲनिमेशनपटांसाठी ऑस्कर सुरू झाल्यापासून पिक्सारचा एकही सिनेमा नामांकनाशिवाय राहिला नव्हता, ती परंपरा याने मोडली. त्यात मॅक्वीन पाहुणा आणि मेटर नायक. जेवणात लोणचं वाढा हो, लोणच्याचं जेवण कसं वाढणार?

---

डेट्रॉइटी_धोंडू | रविवार, सकाळी १०:५५

दुसऱ्याबद्दल एक आत्ता सुचलेली गोष्ट. त्यातले खलनायक म्हणजे 'लेमन' गाड्या. इकडच्या बोलीत लेमन म्हणजे गळ्यात पडलेली, कायम गॅरेजात असणारी गाडी. त्यातले दोन मुख्य गुंड ग्रेम आणि एसर. म्हणजे ग्रेमलिन आणि पेसर. सत्तरच्या दशकातल्या या दोन्ही गाड्या कोणाच्या? अमेरिकन मोटर्सच्या. ज्या कंपनीत हडसन बुडाली तिच्या. म्हणजे डॉकच्याच घरातली पोरं ही, वाया गेलेली. डॉकला आवाज देणारे नट पॉल न्यूमन २००८ साली गेले, त्यामुळे दुसऱ्या भागात डॉकही हयात नाही. घरातला कर्ता गेल्यावर भावकी कशी सुटते बघा.

---

मेटरभक्त | रविवार, सकाळी ११:०२

आईशप्पथ. हे डोक्यात आलंच नव्हतं. आज परत बघतो.

---

जुना_प्रोजेक्टर | रविवार, दुपारी १२:३०

न्यूमनचं नाव निघालं म्हणून. तिसऱ्या भागात डॉकचा आवाज येतो तो कोणी नकलाकाराचा नाही. पहिल्या भागाच्या ध्वनिमुद्रणातून न वापरलेले तुकडे शिल्लक होते, ते शोधून बसवलेत. गेलेल्या माणसाचा खरा आवाज. थिएटरात तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ सावरून बसले.

आणि 'कधी थांबायचं' या विषयावर न्यूमनएवढा हक्काचा माणूस नाही. पडद्यावरचा मोठा नट, पण शर्यतीचं वेड चाळिशीनंतर लागलेलं. १९७९ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांच्या चमूचा दुसरा क्रमांक आला, तेव्हा वय ५४. १९९५ साली डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकणाऱ्या चमूत होते, तेव्हा ७०. मॅक्वीनने विचारलं असतं तर त्यांनी कुठला सल्ला दिला असता?

अवांतर: ९५ हा आकडा पिक्सारच्या पहिल्या चित्रपटाच्या सालावरून आहे. मॅक्वीन हे नाव ग्लेन मॅक्वीन या त्यांच्या ॲनिमेटरचं, जो २००२ मध्ये गेला.

---

खोखोमास्तर | रविवार, दुपारी ३:१५

लुनाशेठ, तुमच्या मुलाला मी उत्तर देतो. त्याला विचारा, शाळेत खो-खो खेळतो का?

पाठलाग करणारा पळतोय. समोरचा गडी हाताला लागत नाही, दम संपत आलाय, शिवाय दिशाही बदलायची नाही. मग काय करतो? बसलेल्याच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. तो उठतो, पळतो, गडी मारतो. गुण कोणाचा? संघाचा. बसला तो हरला असं कोणी म्हणतं का?

मी जिल्हा पातळीपर्यंत खेळलो. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. डाव्या पायाने सूर मारताना खांबापाशी कट्कन आवाज आला, तो अजून ऐकू येतो. त्यानंतर वर्षभर मैदानाकडे फिरकलो नाही. नंतर शाळेत लागलो तेव्हा मुलांना आधी फक्त 'नीट बसायला' शिकवायचो. बसलेल्याची टाच उचललेली हवी, बोटं मातीत रुतलेली हवीत, खो पडायच्या आधी त्याचं अंग उठलेलं हवं. क्रूझ तशी बसली होती. इतकी वर्षं. फक्त पाठीवर हात पडला नव्हता.

त्या समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रसंगात मॅक्वीन तिला वाळूत पळायला शिकवतो, ते बघा. तिची चाकं जागच्या जागी फिरतात, मग वेग येतो तर मध्येच खेकडा आला म्हणून थांबते. हा वैतागतो. पण शिकवताना त्याचा स्वतःचा सराव बुडतोय हे त्याच्या लक्षात येत नाही. आमचं असंच होतं. कधी मास्तर झालो ते कळलं नाही.

---

शुद्धलेखन_समिती | रविवार, दुपारी ३:४०

'खो देणे' आणि 'खो घालणे' यात फरक आहे हे नोंदवून ठेवतो. मॅक्वीनने दिला. स्टर्लिंगने घातला.

---

पावटा | रविवार, दुपारी ३:४१

समितीने पहिल्यांदाच कामाचं काही लिहिलं. धागा वाचनखुणांत घेतला.

---

खडूस_काकू | रविवार, संध्याकाळी ५:५०

मास्तर, उदाहरण छान आहे, पण अर्धंच. खो-खोत नऊच्या नऊ जण संघात निवडून आलेले असतात. क्रूझचं नाव यादीतच नव्हतं. तिला गेटबाहेर उभं केलं होतं. भर शर्यतीत मालक तिला सांगतो की जा, केंद्रात जाऊन दुसऱ्या कोणाची तयारी करून घे, तू ट्रेनर आहेस, रेसर नाहीस. मॅक्वीनच्या कानावर ते पडलं म्हणून पुढचं घडलं. पडलं नसतं तर?

---

डेट्रॉइटी_धोंडू | रविवार, रात्री ८:३०

काकू, तुमच्या या प्रश्नाला सिनेमातच एक उत्तर दडलंय. सुखाचं नाही.

आधी नियमाचं. नॅसकारमध्ये मध्येच चालक बदलता येतो आणि निकाल ज्याने शर्यत सुरू केली त्याच्या नावावर लागतो. त्यामुळे विजय दोघांचा हे लेखकांनी सिनेमापुरतं सोयीने रचलंय असं नाही, खऱ्या नियमाला धरून आहे. प्रत्यक्षात तर क्रूझला तेवढंही मिळालं नसतं.

आता ते थॉमसव्हिलचे म्हातारे. तिघंही खऱ्या माणसांवर बेतलेत. लुईस नॅश म्हणजे लुईस स्मिथ. असं सांगतात की १९४७ साली ही बाई नवऱ्याची नवी कोरी फोर्ड घेऊन डेटोनाच्या किनाऱ्यावर शर्यत बघायला गेली, बघवेना म्हणून स्वतःच उतरली आणि गाडी उलटवली. घरी बसने परतली. नवऱ्याने विचारलं गाडी कुठाय, तर म्हणाली वाटेत बंद पडली. त्याने वर्तमानपत्र पुढे केलं, त्यात उलटलेल्या गाडीचा फोटो. तरीही पुढे कित्येक वर्षं पळली.

दुसरा ज्युनिअर मून, म्हणजे ज्युनिअर जॉन्सन. चोरट्या दारूची वाहतूक करत पोलिसांना गुंगारा देत शिकलेला चालक. सिनेमात त्याला आवाज खुद्द त्याचाच आहे. रात्री जंगलात दिवे मालवून पळायचा सराव दाखवलाय, तो उगाच घातलेला नाही. त्या लोकांचं कामच ते होतं.

तिसरा रिव्हर स्कॉट, म्हणजे वेंडेल स्कॉट. कृष्णवर्णीय चालक, गाडीचं काम स्वतःच्या हाताने करणारा. १ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल. तो दोन फेऱ्यांच्या आघाडीने जिंकला. विजयाचा झेंडा त्याला दाखवलाच नाही. बक बेकर नावाच्या गोऱ्या चालकाला विजेता ठरवून करंडक दिला. काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, आकडेमोडीत चूक झाल्याचं मान्य केलं. करंडक काही स्कॉटला मिळाला नाही. १९९० साली तो वारला. नॅसकारने त्याच्या कुटुंबाला करंडक दिला तो २०२१ मध्ये.

सिनेमात हे सगळं सांगत नाहीत, मुलांना झेपणारही नाही. पण तिथे बसलेला रिव्हर स्कॉट म्हणतो की आमंत्रणाची वाट बघत बसलो असतो तर कधी पळालोच नसतो, अशा अर्थाचं. ते क्रूझ ऐकत असते, आणि मॅक्वीनही.

---

चिंगीची_आई | रविवार, रात्री ९:०२

स्कॉटचं वाचून गप्प बसले. २०२१? अठ्ठावन्न वर्षं?

---

डेट्रॉइटी_धोंडू | रविवार, रात्री ९:०६

हो.

---

मेटरभक्त | रविवार, रात्री १०:१५

वातावरण फार गंभीर झालं. चिखलातल्या डर्बीबद्दल, त्या गाड्यांच्या धडकाधडकीबद्दल, कोणीच बोललं नाही? ती शाळेची पिवळी बस, मिस फ्रिटर, थांब्याच्या पाटीला करवतीचे दात लावून गाड्यांच्या मागे लागते! मॅक्वीन चिखल फासून खोट्या नावाने तिथे शिरतो. आणि ती धुमश्चक्री क्रूझ जिंकते, बरं का काकू. स्वतःच्या नावावर. तोच करंडक पुढे त्या भांडणात फुटतो.

---

खडूस_काकू | रविवार, रात्री १०:४८

हे मात्र विसरले होते मी. करंडक फोडतो कोण? मॅक्वीनच.

---

खोखोमास्तर | सोमवार, सकाळी ७:१०

माझ्या हातूनही फुटलेत. मुलांचे.

---

जुनी_लुना | सोमवार, रात्री ९:३०

काल चिरंजीवांना खो-खोचं सांगितलं. विचार केला थोडा, आणि म्हणाला, "मग मॅक्वीन बसल्यावर त्याला कोण खो देणार?"

मास्तर, हे तुमच्याकडे सोपवतो.

स्मोकीच्या गॅरेजमधला प्रसंग मात्र आज परत लावून पाहिला, एकट्याने. मॅक्वीनला वाटत असतं की शर्यत सुटली आणि डॉकचं आयुष्य संपलं. मग स्मोकी त्याला डॉकची पत्रं दाखवतो. भिंतभर कात्रणं, सगळी मॅक्वीनच्या शर्यतींची. डॉकने आपल्या जुन्या विजयांबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. लिहिलंय ते या पोराबद्दल. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी 'पत्रं म्हणजे काय' याचं भाषांतर करण्यात गुंतलो होतो, प्रसंग निसटला होता.

काकू, शेवट तरीही नापसंतच का?

---

खडूस_काकू | सोमवार, रात्री १०:२०

नापसंतच. पत्रांचा प्रसंग मलाही आवडतो, पण तीही शेवटी मास्तरांचीच गोष्ट झाली ना? शिष्यामुळे गुरूला अर्थ सापडला, आनंद आहे. क्रूझला पुढे नवा मालक मिळतो, ५१ नंबर मिळतो. तो नंबर कोणाचा? डॉकचा. पोरीला स्वतःचा एक आकडा मिळेना यांना तीन सिनेमांत.

नातीला विचारलं, तुला कोणता नंबर हवा असता? म्हणाली, ७. का, तर तिच्या बसचा आहे.

---

पावटा | सोमवार, रात्री १०:२२

तेवढं ते खोडरबराचं चाक कसं बसवलं ते सांगा ना लुनाशेठ, फोटोसकट. आमच्याकडे दोन गाड्या आणि एक जेसीबी तसेच पडून आहेत.